रास्कोल्निकोव्हला पश्चात्ताप होतो का, आणि होत असेल तर पुस्तकात नेमका कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोस्तोयव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’, रास्कोल्निकोव्ह या गरीब विद्यार्थ्याने कुऱ्हाडीने केलेल्या दोन खुनांची कादंबरी, वाचून संपवली. सगळे तिला पश्चात्तापाची कादंबरी म्हणतात, पण तुम्हाला पश्चात्ताप कुठे दिसला नाही. सायबेरियात पोचल्यावरही हा माणूस आपल्या कृत्याला अपराध मानत नाही, आणि मग शेवटच्या दोन-तीन पानांत एकाएकी सोनियाच्या, त्याच्यामागोमाग तिथे आलेल्या श्रद्धाळू वेश्येच्या, पायांशी कोसळतो. उपसंहार मागाहून चिकटवला आहे का? आणि पुढे टॉलस्टॉयची ‘रिझरेक्शन’ घ्यावी की दोस्तोयव्हस्कीचीच ‘ब्रदर्स कारामाझव्ह’?

तुम्ही जे वाचलंत ते बरोबरच वाचलंत. उपसंहाराच्या दुसऱ्या प्रकरणात लेखक स्वच्छ सांगतो की रास्कोल्निकोव्हने स्वतःला कठोरपणे तपासलं आणि त्याच्या निबर झालेल्या मनाला मागे वळून पाहताना भयंकर असा अपराध सापडला नाही. सापडली ती एक साधी चूक, कुणाच्याही हातून होईल अशी. तो आजारी पडतो तोही दुखावलेल्या अभिमानामुळे. तेव्हा ‘खून केला, मन खाऊ लागलं, कबुली दिली, सुटला’ असा सारांश जे सांगतात त्यांनी शेवट नीट वाचलेला नाही. पण अपराधाची जाणीवच पुस्तकात नाही असं तुम्ही म्हणाल, तर तिथे मी तुम्हाला अडवेन. ती पहिल्या भागापासून आहे. फक्त ती रास्कोल्निकोव्हच्या विचारांत आणि बोलण्यात नाही. ती हातांत आणि वस्तूंत आहे. आणि ती गहाणवट करणाऱ्या म्हातारीभोवती नाही, तिच्या सावत्र बहिणीभोवती, लिझावेताभोवती आहे.

आधी एक कबूल करतो. उपसंहार पटतो की नाही याचं एकच उत्तर नाही. श्रद्धा असलेल्या वाचकाला तो लवकर पटतो, नसलेल्याला जड जातो, आणि त्यात दोघांचंही वाचन चुकीचं नसतं. कादंबरी आठवडाभरात वाचली की महिनाभर तुकड्यातुकड्यांनी, यानेही फरक पडतो, कारण ज्या धाग्यांबद्दल मी पुढे सांगणार आहे ते तीनशे-चारशे पानांच्या अंतराने पुन्हा वर येतात. संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल तर मात्र हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पूर्ण आवृत्ती घ्या. संक्षेप करणारे नेमके हेच बारीक धागे कापतात.

आता पहिल्या भागाचं सातवं प्रकरण काढा. म्हातारीला, अल्योना इव्हानोव्हनाला, रास्कोल्निकोव्ह कुऱ्हाडीच्या मागच्या, बोथट बाजूने मारतो. महिनाभर त्याने याचीच तयारी केलेली असते: कोटाच्या आतून कुऱ्हाड अडकवायला शिवलेला फास, घरापासून मोजलेली ७३० पावलं, गहाण ठेवायच्या वस्तूसारखं बांधलेलं खोटं पुडकं. लिझावेता या हिशेबात कुठेच नाही. ती अचानक येते, बहिणीचं प्रेत पाहते, आणि तिला तो पात्याने मारतो. त्या क्षणी ती काय करते ते सावकाश वाचा. ती ओरडत नाही. चेहराही झाकत नाही. मोकळा असलेला डावा हात ती किंचित उचलते, तोंडापर्यंतही नाही, आणि हळूहळू त्याच्या दिशेने पुढे धरते, जणू त्याला जरा मागे सारावं म्हणून. हा हात लक्षात ठेवा.

दुसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात तो तापात पडलेला आहे आणि खोलीत लोक खुनाबद्दल बोलताहेत. मोलकरीण नस्तास्या मध्येच म्हणते की लिझावेतालाही मारलं, ती इथे यायची, तुझा सदराही तिने दुरुस्त करून दिला होता. रास्कोल्निकोव्ह भिंतीकडे तोंड फिरवतो, कळकट पिवळ्या कागदावरचं एक बेढब पांढरं फूल निवडतो आणि त्याच्या पाकळ्या किती, पाकळ्यांना कंगोरे किती, हे बघत राहतो. तिथे पश्चात्तापाचा एक शब्दही नाही. पण ज्या बाईने आपला सदरा शिवला तिच्या कवटीवर आपण पातं घातलं, हे ऐकल्यावर माणूस भिंतीवरच्या फुलाच्या पाकळ्या मोजतो, याला दुसरं काय म्हणायचं? दोस्तोयव्हस्की मनाची अवस्था सांगायचं टाळतो आणि डोळे कुठे गेले ते सांगतो. गटात वाचताना मी या वाक्याशी हमखास थांबतो, कारण ‘पश्चात्ताप दिसत नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथे सैल होऊ लागते.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच चकित होतो: लिझावेताचा विचार माझ्या मनात जवळपास येतच नाही, जणू मी तिला मारलंच नाही. त्या म्हाताऱ्या बाईला आपण पुन्हा मारू असं तो त्याच परिच्छेदात म्हणतो आणि लगेच लिझावेता आणि सोनिया ही दोन नावं एकत्र घेतो. सोनियाशी धड ओळखही झालेली नाही, तरी तिचं नाव मेलेल्या बाईशेजारी येऊन बसतं. आता चौथ्या भागाचं चौथं प्रकरण, जिथे सोनिया योहानाच्या शुभवर्तमानातली, येशूने मेलेल्या लाजराला उठवल्याची गोष्ट वाचते. सगळ्यांना ते वाचन आठवतं. पुस्तक कुणाचं होतं हे फार थोड्यांना आठवतं. तो विचारतो, हे कुठून मिळालं? ती सांगते, लिझावेताने आणून दिलं. आणि त्या भेटीच्या शेवटी तो काय वचन देतो? उद्या आलो तर लिझावेताला कुणी मारलं ते सांगेन. म्हातारीचं नावही काढत नाही. तिच्याबद्दल त्याच्याकडे असामान्य माणसाला गुन्ह्याचाही हक्क असतो असा सिद्धांत आहे, त्यावरचा लेख आहे, नेपोलियन आहे. लिझावेताबद्दल त्याच्याकडे काहीच नाही, आणि म्हणून कबुली तिच्यापासून सुरू होते.

पाचव्या भागाच्या चौथ्या प्रकरणात ही कबुली येते, आणि ती ज्या रीतीने येते ती रशियन साहित्यात मला सर्वांत थोर वाटते. तो ‘मी मारलं’ असं म्हणतच नाही. तो तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं बोलतो आणि मग म्हणतो, ओळख. नीट बघ. सोनिया बघते, तिला कळतं, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यात त्याला लिझावेताचा चेहरा दिसतो. सोनिया डावा हात पुढे करते, बोटं त्याच्या छातीला हलकेच टेकवते आणि त्याच्यापासून नजर न काढता मागे सरकते. तोच हात, तीच बाजू, तीच गती. एका खोलीत त्या हाताला उत्तर म्हणून कुऱ्हाड आली होती. दुसऱ्या खोलीत तो हात त्याला लागतो आणि सोनिया त्याच्या गळ्यात पडते. यानंतर तो जी कारणं देतो, पैसा, आई, नेपोलियन, मी उवेसारखा की माणूस हे बघायचं होतं, ती सगळी खरीही आहेत आणि निरुपयोगीही. त्या प्रकरणात घडायचं ते कारणांच्या आधीच घडून गेलेलं असतं.

तिथेच क्रुसांची गोष्ट येते. सोनियाजवळ दोन आहेत, एक सायप्रसच्या लाकडाचा, एक तांब्याचा. तांब्याचा लिझावेताचा, दोघींनी एकमेकींशी अदलाबदल केलेला. मी आता तिचा घालीन, हा लाकडी तू घे, असं ती म्हणते. तो हात पुढे करतो आणि मागे घेतो: आत्ता नको, नंतर. आता पुन्हा पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात जा. म्हातारीच्या गळ्यातल्या दोरीला पैशाच्या पिशवीबरोबर काय होतं? दोन क्रूस, एक सायप्रसचा, एक तांब्याचा. ते त्याने तिच्याच छातीवर फेकून दिले होते. सहाव्या भागाच्या आठव्या प्रकरणात तो सोनियाकडे येतो तो ‘तुझे क्रूस न्यायला आलोय’ असं म्हणत, आणि तांब्याचा बघून विचारतो की त्या वेळी तिच्या गळ्यात हाच होता का. बोलणं तुसडं आहे, अंगात कुठेही नम्रता नाही. पण जे फेकलं होतं ते तो गळ्यात घालतो.

मग गवत-बाजाराचा चौक. सोनियाने सांगितलेलं असतं: चार रस्त्यांवर उभा राहा, ज्या भूमीला विटाळलंस तिचं चुंबन घे, चारी दिशांना वाकून सर्वांना मोठ्याने सांग की मी खून केला. यामागे जुनी लोकरीत आहे. मृत्युदंडाला नेलेला माणूस चारी दिशांना वाकून लोकांची क्षमा मागत असे. मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी आजही ऑर्थोडॉक्स घरांत आणि चर्चमध्ये लोक एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात आणि उत्तर मिळतं, देव क्षमा करील. रास्कोल्निकोव्ह चौकात गुडघे टेकतो, घाणेरड्या फरशीचं चुंबन घेतो, आणि त्याला त्यात खरोखर सुख वाटतं. मग कुणीतरी हसतं. हा प्यायलाय. हा जेरुसलेमला निघालाय, पीटर्सबर्गचा निरोप घेतोय. आणि ‘मी खून केला’ हे ओठांवर आलेले शब्द तिथेच विरतात. म्हणजे विधी अर्धा झाला. शरीराने केला, वाचेने केला नाही. पुढे पोलीस कचेरीतही तो आधी परत फिरतो. अंगणात सोनिया पांढरीफटक उभी दिसते, तेव्हा पुन्हा जिना चढतो. शेवटचं वाक्य बघा: मीच त्या म्हाताऱ्या बाईला आणि तिची बहीण लिझावेता हिला कुऱ्हाडीने मारलं आणि लुटलं. म्हातारीला नाव नाही. लिझावेताला आहे.

एवढं हाताशी घेऊन उपसंहार वाचा. शिक्षा आठ वर्षं, दुसऱ्या वर्गाची सक्तमजुरी. ती सौम्य का, तेही पहिल्या प्रकरणात तपशीलवार आहे: लुटलेल्या पाकिटात ३१७ रुबल आणि ६० कोपेक होते आणि त्याने ते उघडूनही पाहिलं नव्हतं, क्षयरोगी सहाध्यायाला त्याने पोसलं होतं, आगीतून दोन मुलांना वाचवलं होतं. म्हणजे कोर्टाने त्याच्यातली चांगुलपणाची बाजू हिशेबात धरली आणि प्रकरण मिटवलं. कायद्याच्या अंगाने सगळं झालं. दुसऱ्या प्रकरणात कळतं की आत काहीच झालेलं नाही. कैदी त्याचा द्वेष करतात, सोनियावर जीव टाकतात. सोनिया भेटायला येते तेव्हा हात पुढे करते, नेहमी बिचकत, कधी कधी करतच नाही, तो झिडकारील या भीतीने. तो हात त्याने नेहमी किळस आल्यासारखा घेतलेला असतो. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोघंही आजारातून उठल्यावर, नदीकाठच्या ओंडक्यांवर ती त्याच्याशेजारी येऊन बसते आणि नेहमीसारखाच बिचकत हात पुढे करते. या वेळी ते हात सुटत नाहीत. लिझावेताचा उचललेला हात, सोनियाने छातीला टेकवलेला हात, आणि हा. कादंबरीने हा क्षण पहिल्या भागात पेरलेला आहे. म्हणून मी उपसंहाराला चिकटवलेला म्हणत नाही. आणि त्या रात्री त्याच्या उशाखाली जो नवा करार आहे तो तोच, लिझावेताने आणलेला. तो त्याने अजून उघडलेला नाही, हेही लेखक सांगतो.

तरी तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. पायांशी कोसळण्याचं वर्णन घाईचं आहे. ‘काहीतरी’ त्याला उचलून तिच्या पायांशी टाकतं, एवढंच. मला वाटतं दोस्तोयव्हस्कीला इथे जास्त लिहायचंच नव्हतं, आणि त्याची कारणं त्याच्या आयुष्यात आणि कामात सापडतात. १८४९ मध्ये त्याला अटक झाली, गोळ्या घालायला नेऊन ऐनवेळी थांबवण्याचं मृत्युदंडाचं नाटक झालं, आणि पुढची चार वर्षं तो ओम्स्कच्या तुरुंगात खऱ्या खुन्यांबरोबर राहिला. त्या अनुभवावरच्या ‘नोट्स फ्रॉम द डेड हाउस’ या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं आहे की इतक्या वर्षांत या माणसांत पश्चात्तापाची जराशीही खूण दिसली नाही, बहुतेक जण स्वतःला पूर्ण निर्दोष समजत. पण लगेच पुढे तो म्हणतो की या बुडालेल्या हृदयांचा तळ आपण पाहिला असं कोण म्हणू शकेल? रास्कोल्निकोव्हचे सायबेरियातले महिने याच दोन वाक्यांमध्ये बसवलेले आहेत. कादंबरीचा पहिला खर्डा प्रथमपुरुषी कबुलीजबाब म्हणून लिहिलेला होता. १८६५ च्या नोव्हेंबरात त्याने तो जाळला आणि तृतीयपुरुषात पुन्हा आरंभ केला. हा निर्णय किती महत्त्वाचा होता ते उघड आहे. ‘मी’ म्हणणारा माणूस आपला पश्चात्ताप सांगू लागला की तो सजवू लागतो. बाहेरून सांगणारा लेखक म्हणू शकतो की हा अजून स्वतःशीही खरं बोलत नाहीये.

शिवाय उद्धार लिहिणं किती अवघड, याचं उदाहरण समोर होतं. गोगोलला ‘डेड सोल्स’च्या पुढच्या भागांत त्या लबाड चिचिकोव्हचा उद्धार दाखवायचा होता. अनेक वर्षं झगडून १८५२ च्या फेब्रुवारीत त्याने दुसऱ्या भागाचं हस्तलिखित जाळलं आणि काही दिवसांत तो वारला. दोस्तोयव्हस्की उंबरठ्यापर्यंत येतो आणि सांगतो की इथून नवी कथा सुरू होते, ती या कथेत मावणारी नाही. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

वाचताना काय बिघडतं ते आता सांगतो. सगळ्यांत जास्त बिघडतं ते अश्रू शोधल्याने. या लेखकांना अश्रूंचा संशय आहे. टॉलस्टॉयने तर हे ‘रिझरेक्शन’मध्ये उघड लिहिलं आहे. नेख्ल्यूदव्ह ज्युरीत बसलेला असतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्याला कात्यूशा मास्लोव्हा दिसते, जिला त्याने तरुणपणी भ्रष्ट करून शंभर रुबलची नोट देऊन सोडलं होतं. तिच्यावर विषप्रयोगाचा आरोप आहे. ज्युरी तिला वाचवायला निघते, पण उत्तरात ‘जीव घेण्याच्या हेतूविना’ एवढे शब्द घालायला विसरते, आणि तिला चार वर्षं सक्तमजुरी होते. त्या रात्री नेख्ल्यूदव्ह रडतो, आणि टॉलस्टॉय म्हणतो की हे अश्रू चांगलेही होते आणि वाईटही. चांगले, कारण आतला माणूस जागा झाला. वाईट, कारण आपल्याच सद्गुणाने तो गहिवरला होता. हे पहिल्या भागाचं अठ्ठाविसावं प्रकरण. अठ्ठेचाळिसाव्यात तो तुरुंगात जाऊन तिला सांगतो की मी तुझ्याशी लग्न करीन, आणि ती उसळून म्हणते की या जन्मात माझ्यापासून सुख घेतलंस, आता परलोकातही माझ्याच जिवावर तरायचंय तुला.

हे वाक्य तुमच्या वहीत उतरून घ्या. अपराध आणि उद्धार या विषयावर जे काही वाचाल त्याला हे लावून बघता येतं: ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस या कथेत जिवंत आहे का, त्याला बोलता येतं का, की तो पाप्याच्या उद्धाराचं साधन झालाय? लिझावेता मेलेली आहे, म्हणून दोस्तोयव्हस्कीला तिची जागा हातांनी आणि क्रुसांनी भरावी लागते. मास्लोव्हा जिवंत आहे, म्हणून टॉलस्टॉयला नेख्ल्यूदव्हकडून खरी कामं करून घ्यावी लागतात: वकिलाकडे खेपा, सिनेटपुढे अपील, ते फेटाळल्यावर सम्राटाकडे अर्ज, जमिनींची व्यवस्था, कैद्यांच्या तांड्यामागोमाग सायबेरियापर्यंत प्रवास. शेवटी शिक्षा सौम्य होते, आणि मास्लोव्हा त्याच्याशी नाही तर सिमन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहायचं ठरवते. ती त्याला मोकळं करते. आता त्याच्या हाती शुभवर्तमान उरतं आणि कादंबरी मत्तयातल्या उताऱ्यांवर संपते. चेखवने एका पत्रात तक्रार केली होती की एवढं लिहून सगळं शुभवर्तमानातल्या वचनावर सोडून देणं हा शेवट नव्हे. मला चेखवचं म्हणणं पटतं. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये पुस्तक उशाखाली मिटलेलं आहे. इथे ते उघडून वाचून दाखवलं जातं, आणि त्याने जोर कमी होतो.

दुसरी गोष्ट जी वाचक चुकवतात: कबुली कुणापुढे दिली. ऑर्थोडॉक्स विधीत पापांगीकार चर्चमध्ये, क्रूस आणि शुभवर्तमान ठेवलेल्या मेजापुढे होतो, आणि धर्मगुरू म्हणतो की मी केवळ साक्षीदार आहे. दोस्तोयव्हस्कीच्या मोठ्या कबुल्यांपैकी एकही या जागी होत नाही. एक वेश्येपुढे, एक चौकात, एक गप्पिष्ट पोलीस अधिकाऱ्यापुढे. ‘कारामाझव्ह’च्या सहाव्या पुस्तकात एक प्रतिष्ठित गृहस्थ तरुण झोसिमाकडे येतो, तेव्हा झोसिमाही अजून साधू झालेला नाही, सैन्य सोडलेला एक अधिकारी आहे. या गृहस्थाने चौदा वर्षांपूर्वी एका स्त्रीचा खून केलेला असतो. आळ नोकरावर आला आणि तो नोकर वारला. झोसिमा म्हणतो, जा, लोकांना सांग. गृहस्थ निघून जातो, परत येतो, दोन मिनिटं नुसता बसतो, पुन्हा जातो. दुसऱ्या दिवशी वाढदिवसाला साऱ्या गावासमोर तो पुराव्यांसह कबुली वाचतो, आणि कुणी विश्वासच ठेवत नाही. त्याला वेडा ठरवतात. मरताना तो झोसिमाला सांगतो की त्या रात्री दुसऱ्यांदा आलो ते तुला मारायला. आपल्या पापाचा एकमेव साक्षीदार तू होतास. साक्षीदाराविषयीचा हा द्वेष रास्कोल्निकोव्हच्या तुसडेपणातही आहे. सोनियाला तो इतकं का छळतो हे इथून मागे जाऊन कळतं.

याच्या उलट टोकाला दोस्तोयव्हस्कीच्याच ‘डेमन्स’मधला स्ताव्हरोगिन. तो आपल्या भयंकर कृत्याची कबुली छापून घेतो आणि कागद तिखॉन या बिशपपुढे ठेवतो. तिखॉन वाचतो आणि पहिल्यांदा विचारतो की या मजकुरात काही सुधारणा करता येईल का. त्याला दिसतं की या कबुलीत आव्हान आहे, जग माझा द्वेष करो ही इच्छा आहे. तो विचारतो, लोक हसले तर सोसवेल? आणि भाकीत करतो की हे छापणं टाळण्यासाठीच तू नवा अपराध करशील. चौकातलं हसणं इथे परत आलं आहे. जो हसू सोसू शकत नाही त्याची कबुली अजून अपुरी, ही दोस्तोयव्हस्कीची ठाम कसोटी आहे, आणि रास्कोल्निकोव्हही त्या दिवशी तिच्यात उतरत नाही.

हे सगळं फार गंभीर, फार धार्मिक वाटत असेल तर ‘कारामाझव्ह’मधल्या मित्याकडे, म्हणजे दिमित्रीकडे बघा. दिमित्री कारामाझव्हने बापाला मारलेलं नाही, पण मारायची इच्छा होती, म्हणून तो शिक्षा स्वीकारायला तयार होतो. तपासाच्या रात्री त्याला जळालेल्या गावाचं आणि थंडीने रडणाऱ्या तान्ह्या मुलाचं स्वप्न पडतं, आणि त्या मुलासाठी आपण जाऊ असं तो म्हणतो. मग तो दोषी असल्याचा निकाल लागतो आणि त्याचा धीर सुटतो. पहारेकरी ‘अरे-तुरे’ करील तेही सोसणार नाही, असं तो सांगतो. आल्योशा, त्या कादंबरीतला सर्वांत निर्मळ माणूस, त्याला म्हणतो की तू तयार नाहीस, असा क्रूस तुझ्यासाठी नाही, पळून जा, फक्त तुझ्यात जागा झालेल्या त्या दुसऱ्या माणसाला विसरू नकोस. दुःख भोगल्याशिवाय सुटका नाही असं ज्याच्या नावावर खपवलं जातं त्या लेखकाने शेवटच्या कादंबरीत हे लिहून ठेवलं आहे. ही जागा ‘कारामाझव्ह’च्या उपसंहाराच्या दुसऱ्या प्रकरणात आहे आणि ती घाईत वाचू नका.

लेस्कोव्ह आणि चेखव यांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण त्यांनी तोल सांभाळला जातो. लेस्कोव्हची ‘लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेन्स्क’ १८६५ ची, दोस्तोयव्हस्कीच्याच मासिकात आलेली. तिची नायिका कतेरिना खुनांमागून खून करते आणि तिला पश्चात्ताप होत नाही, शेवटपर्यंत नाही. उद्धाराची कहाणी हा रशियन नियम आहे असं वाटू लागलं की ही साठ-सत्तर पानं वाचावीत. चेखवची ‘द मर्डर’ १८९५ ची, साखालीन या कैद्यांच्या वसाहतीच्या बेटावर जाऊन आल्यानंतरची. याकव नावाचा कडवा धर्मनिष्ठ माणूस चुलतभावाचा जीव घेतो, साखालीनला जातो, आणि तिथे इतर कैद्यांचं बोलणं ऐकत ऐकत त्याला साधी श्रद्धा सापडते. आता त्याला घरी जाऊन एका तरी माणसाला वाचवायचं आहे. तो जाऊ शकत नाही. जहाजावर कोळसा भरायचं काम चालू असतं. तुम्हाला उपसंहार गोड वाटला असेल तर ही कथा त्याच्याशेजारी ठेवून वाचा.

तेव्हा पुढचा क्रम मी असा सुचवीन. नवीन काही घेण्याआधी ‘क्राइम अँड पनिशमेंट’ची सहाच प्रकरणं पुन्हा वाचा: पहिल्या भागाचं सातवं, तिसऱ्याचं सहावं, चौथ्याचं चौथं, पाचव्याचं चौथं, सहाव्याचं आठवं आणि उपसंहाराचं दुसरं. पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे लिझावेताचं नाव किंवा कुणाचा हात येतो तिथे खूण करा. दोन संध्याकाळी पुरतात. मग ‘द मर्डर’, मग ‘रिझरेक्शन’. ती सलग वाचता येते, फक्त दुसऱ्या भागातली जमिनीच्या वाटपाची प्रकरणं संथ आहेत, तिथे सोडू नका, कारण नेख्ल्यूदव्हचा पश्चात्ताप कृतीत उतरतो की नाही ते तिथेच ठरतं. ‘कारामाझव्ह’ त्यानंतर. आधी घेतली तर झोसिमाचं ‘प्रत्येक जण सर्वांपुढे सर्वांसाठी अपराधी आहे’ हे म्हणणं नुसतं सुभाषित वाटतं. नेख्ल्यूदव्हनंतर वाचलं की त्याचं वजन कळतं.

‘डेमन्स’ सर्वांत शेवटी, आणि प्रत विकत घेताना अनुक्रमणिका पाहून घ्या. तिखॉनचं प्रकरण, ही कादंबरी ज्यात क्रमशः येत होती त्या मासिकाचा संपादक कात्कोव्ह याने छापायला नकार दिला होता. ते लेखकाच्या मृत्यूनंतर खूप उशिरा, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे काही आवृत्त्यांत ते परिशिष्ट म्हणून मागे असतं, काहींत दुसऱ्या भागात आठव्या प्रकरणानंतर घातलेलं असतं, आणि जुन्या अनुवादांत मुळीच नसतं. परिशिष्टात असेल तर दुसऱ्या भागाचं आठवं प्रकरण संपल्यावर तिकडे वळा, ते वाचा आणि मग पुढे जा.